कुलूप आपले, किल्ली कोणाची?

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले होते. सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि कपाळावर आठ्या घालून फोनवर कोणाला तरी सांगत होती, "टनेल डाऊन आहे. तिकडे जर्मनीत अजून पहाट आहे. तोवर इथे चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसलीत."

मी पेपर खाली ठेवला. टनेल म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे खंडाळ्याचा घाट उभा राहतो. पावसाळ्यात दरड कोसळली, डेक्कन क्वीन अडकली, असे काहीतरी. "अगं, कुठला बोगदा बंद पडला?" मी विचारले.

ती हसली. "बाबा, हा बोगदा कुणी खणलेला नाही. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एक पेटी आहे आणि तिकडे श्टुटगार्टच्या ऑफिसात दुसरी. त्या दोघींचं एकमेकींशी पटेनासं झालं की बोगदा बंद."

दुपारपर्यंत त्या दोघींचे पटले. तिकडच्या माणसाने आदल्या रात्री आपल्या पेटीतली एक अट बदलली होती आणि इकडे कळवायचे राहून गेले होते. दोन्हीकडच्या अटी तंतोतंत जुळल्याशिवाय या पेट्या एकमेकींशी बोलत नाहीत. संध्याकाळी चहा पिताना सूनबाईने मला या बोगद्यांची सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की, सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला यातले निम्मे आधीपासूनच ठाऊक आहे. उरलेले निम्मे समजून घेण्यासाठी मी पुढचे काही आठवडे बरेच वाचले, आणि वाचल्यावर जे वाटले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. कारण हे बोगदे आता फक्त संगणकवाल्यांचे राहिलेले नाहीत. आपल्या बँकेच्या शाखा, इस्पितळे, वीज मंडळाची उपकेंद्रे, सरकारी कचेऱ्या, सगळ्यांची बोलणी यांतूनच चालतात. त्यांची किल्ली कोणाकडे आहे, हा म्हणूनच घराघराचा प्रश्न आहे.

तारेतला आकडा

पानिपतानंतरचे ते सावकारी पत्र मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. जानेवारी १७६१. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराच्या जासुदाकडचे पत्र पडले. पत्रात गळालेल्या मोत्यांचा, हरवलेल्या मोहरांचा आणि मोजता न येणाऱ्या रुपये-खुर्द्याचा हिशेब होता. वाटेत कोणी ते पत्र वाचले असते तर म्हणाला असता, पेढी बुडाली बिचाऱ्याची. पेशव्यांना मात्र क्षणात कळले की दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. रस्ता शत्रूचा, कागद उघडा, तरीही अर्थ झाकलेला. बोगद्याचा पहिला गुण हाच. मजकूर चारचौघांतून जातो, पण चारचौघांना कळत नाही.

दुसरा गुण मी स्वतः वापरलेला आहे. १९८०च्या सुमारास मी बँकेत लागलो तेव्हा पैसे तातडीने दुसऱ्या गावी पाठवायचे तर तार करावी लागे. त्याला आम्ही 'टी.टी.' म्हणत असू. पुण्यात व्यापाऱ्याने पन्नास हजार भरले, नागपूरला त्याच दिवशी द्यायचे आहेत. तार म्हणजे तारबाबूपासून तारवाल्यापर्यंत सगळ्यांनी वाचलेला कागद. मग नागपूरच्या अधिकाऱ्याने त्या कागदावर विसंबून पैसे कसे मोजायचे? त्यासाठी तारेत एक आकडा घातलेला असे. तारखेला एक आकडा, रकमेला एक, शाखेला एक, असे छापील गुप्त तक्ते असत. त्यांतले आकडे काढून बेरीज करायची आणि ती तारेत घालायची. पलीकडचा अधिकारी आपल्याकडच्या तक्त्यांवरून तीच बेरीज करून पाही. जुळली तर पैसे, नाही तर पक्षकाराला बाकावर बसवून ट्रंक कॉल. वाटेत कोणी पन्नासाचे सत्तर हजार केले तर बेरीज चुकणार, म्हणजे चोरी उघडी पडणार.

ते तक्ते तिजोरीत असत, आणि तिजोरी एकट्याला उघडता येत नसे. एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. या पद्धतीला आम्ही 'जॉइंट कस्टडी' म्हणत असू. नव्या नोकरीत मला याचा राग येई. मॅनेजरसाहेब लग्नाला गेले की तिजोरी बंद, आणि पक्षकारांच्या शिव्या खायला आम्ही. पुढे कळले की ही व्यवस्था माणसावर अविश्वास दाखवण्यासाठी नसून माणसाला मोहापासून सोडवण्यासाठी आहे. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. तक्तेही त्याआधीच रद्दीत गेले असतील. पण त्यामागचा विचार आज या पेट्यांत जाऊन बसला आहे.

बोगदा कसा बांधतात

पूर्वी बँकेला दोन शाखा जोडायच्या तर टेलिफोन खात्याकडून स्वतंत्र तार भाड्याने घ्यावी लागे. ती महाग असे आणि वरचेवर बंदही पडे. मग इंटरनेट आले. हा सार्वजनिक रस्ता स्वस्त आणि जगभर पसरलेला, पण त्यावरून जाणारे प्रत्येक पत्र म्हणजे पोस्टकार्ड. वाटेतल्या कोणत्याही नाक्यावर ते वाचता येते, बदलता येते. या रस्त्यावर आपली खासगी वाट कशी काढायची, याचे नियम इंटरनेटचे मानदंड ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या संघटनेने प्रथम ऑगस्ट १९९५मध्ये प्रसिद्ध केले आणि १९९८मध्ये ते सुधारून घेतले. त्या नियमांना आयपीसेक म्हणतात. योगायोग असा की, विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिले तेही १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्याकडे रस्ता आला त्याच महिन्यात त्यावरच्या बोगद्याचा नकाशाही छापून झाला होता.

कचेरीच्या दाराशी एक पेटी असते. कोणते पत्र कुठे पाठवायचे हे ठरवते म्हणून तिला राउटर म्हणतात, आणि कोणाला आत घ्यायचे हे ठरवते म्हणून फायरवॉल. आजकाल बऱ्याचदा दोन्ही कामे एकाच पेटीत असतात, जशी लहान शाखेत शिपाई आणि रखवालदार ही दोन्ही कामे एकच माणूस करतो. पुण्याच्या संगणकाने नागपूरच्या संगणकाला पत्र लिहिले की पुण्याची पेटी ते अख्खे पत्र, पत्त्यासकट, गुप्त लिपीत बदलते, दुसऱ्या लिफाफ्यात घालते, मोहोर लावते आणि वर फक्त नागपूरच्या पेटीचा पत्ता लिहिते. तिकडची पेटी मोहोर तपासते, लिफाफा फोडते आणि आतले पत्र ज्याचे त्याला देते. वाटेतल्या माणसाला एवढेच दिसते की या दोन पेट्यांचा काहीतरी व्यवहार चालू आहे. कोण कोणाला काय म्हणाले, ते दिसत नाही. बोगदा तो एवढाच.

पण मग गुप्त लिपीची किल्ली दोन्हीकडे पोचते कशी? तीही त्याच उघड्या रस्त्याने पाठवावी लागणार. हजारो वर्षे गुप्त लिपीवाले याच प्रश्नापाशी अडले होते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकनांनी त्यावर जाहीर उत्तर दिले. ते उत्तर स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो. दोन जावांना एकच मसाला करायचा आहे, पण डबे नेणारा माणूस चहाडखोर आहे. दोघी बाजारातला एकच साधा मसाला घेतात. थोरली त्यात आपला एक गुप्त जिन्नस मिसळते, धाकटी आपला. मग डबे अदलाबदल होतात. आता थोरली धाकटीच्या डब्यात आपला जिन्नस घालते आणि धाकटी थोरलीच्या डब्यात आपला. दोघींचा मसाला तंतोतंत सारखा झाला. वाटेत दोन्ही डबे चाखलेल्या माणसाला मात्र तो करता येत नाही, कारण मिसळलेले निवडून काढता येत नाही. पेट्या हेच जिन्नसांऐवजी प्रचंड संख्यांनी करतात.

आधी ओळख पटवायची, मग किल्ली तयार करायची, मग कोणत्या खात्याची पत्रे या वाटेने जातील ते ठरवायचे, आणि काही तासांनी किल्ली टाकून देऊन नवी करायची. सूनबाईच्या बोगद्यात यांतल्याच एका पायरीवर अट जुळत नव्हती. हे सगळे नीट केले तर गणित भक्कम आहे. रस्त्यावरचा चोर त्यापुढे हात टेकतो. प्रश्न रस्त्यावरच्या चोराचा नाहीच. तो बोगद्याच्या टोकांपाशी सुरू होतो.

चिठ्ठीवरची किल्ली

नोकरीच्या उत्तरार्धात मी एका तालुक्याच्या गावी मॅनेजर होतो. शाखा मुख्य संगणकाला जोडण्याचे ते दिवस. एके दिवशी बाहेरच्या कंपनीचा एक पोरसवदा इंजिनिअर पेटी घेऊन आला. जुन्या लेजरांच्या मांडणीवर त्याने ती ठेवली, तासाभरात जोडली आणि जाताना पेटीच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवली. मी चष्मा लावून वाचली. दोन पेट्यांनी एकमेकींची ओळख पटवण्याचा परवलीचा शब्द होता तो. आमच्या बँकेचे नाव आणि पुढे स्थापनेचे साल!

"हाच शब्द सगळ्या शाखांना?" मी विचारले.

"साहेब, शेकडो शाखा आहेत. प्रत्येकीला वेगळा ठेवला तर लक्षात कोण ठेवणार?"

मी चिठ्ठी खरवडून काढली आणि तिजोरीत ठेवली. मुख्य कचेरीला पत्रही लिहिले. चार महिन्यांनी उत्तर आले की, आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. शब्द तोच राहिला. मला पुन्हा लिहिता आले असते. पण त्या वर्षी माझी बढती यायची होती, आणि बढतीच्या वर्षी माणूस फार पत्रे लिहीत नाही. सुदैवाने काही घडले नाही, आणि काही घडले नाही म्हणूनच तो शब्द मी शाखा सोडेपर्यंत तसाच होता. ज्या बँकेने मला दोन किल्ल्यांची तिजोरी शिकवली, तिनेच शेकडो शाखांच्या दारांना एक किल्ली लावली, आणि ती मला माहीत असताना मी गप्प बसलो. ही टोचणी आज वीस वर्षांनीही गेलेली नाही.

टोकाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे आपण पुण्यातच पाहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून एटीएमच्या मागण्यांना खोटे होकार देणारी समांतर व्यवस्था बसवली. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आणि १३ ऑगस्टला आणखी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. रस्त्यात कोणी कोणाचे पत्र वाचले नव्हते. पत्र लिहिणाऱ्याच्या खुर्चीवरच दुसरा बसला होता. अशा वेळी बोगदा कितीही पक्का असला तरी तो चोराची पत्रेही तेवढ्याच इमानाने पोचवतो.

कुलूप करणाऱ्याची गोष्ट

आता समजा, दोन्ही टोकांची माणसे सावध आहेत. चिठ्ठी नाही, शब्द अवघड आहे, पहारा चोख आहे. तरीही एक माणूस उरतो. ज्याने पेटी बनवली, तो. त्याची गोष्ट या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटली.

ज्युनिपर ही अमेरिकेतली मोठी कंपनी. २००४ साली तिने नेटस्क्रीन ही फायरवॉल बनवणारी कंपनी विकत घेतली. या पेट्या मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या वापरत. १७ डिसेंबर २०१५ रोजी ज्युनिपरने जाहीर केले की, या पेट्यांमधल्या 'स्क्रीनओएस' या प्रणालीत कोणीतरी परवानगीशिवाय घातलेला मजकूर आमच्या तपासणीत सापडला आहे. तो दोन प्रकारचा होता. एक म्हणजे एक गुप्त परवलीचा शब्द, जो टाकला की पेटीचा पूर्ण ताबा मिळे. तो अशा चिन्हांचा बनवला होता की, प्रोग्रॅम वाचणाऱ्याला ती नेहमीचीच एखादी ओळ वाटावी. दुसरा प्रकार अधिक गंभीर होता. त्यामुळे बोगद्यातली पत्रे बाहेरच्याला वाचता येऊ शकत होती. पेटीचा दिवा हिरवा, बोगदा चालू, दोन्हीकडे समाधान, आणि तिसरा कोणी आरामात वाचतो आहे.

हे कसे जमले? वर सांगितलेल्या मसाल्यातला गुप्त जिन्नस म्हणजे कोणालाही अंदाज करता येणार नाही असा आकडा. तंबोल्याच्या पिशवीतून काढावा तसा. यंत्राला मात्र पिशवीत हात घालता येत नाही. त्याला आकडे 'तयार' करावे लागतात, आणि त्यासाठी कृती लागते. अशी एक कृती अमेरिकेच्या मानक संस्थेने २००६ मध्ये अधिकृत केली. तिच्यामागे एनएसए ही अमेरिकी हेरसंस्था होती. कृतीत दोन ठरीव बिंदू होते. ऑगस्ट २००७ मध्ये डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन या मायक्रोसॉफ्टमधल्या तज्ज्ञांनी दाखवून दिले की, हे बिंदू निवडणाऱ्याने त्यांच्यातले गुप्त नाते जपून ठेवले असेल तर थोडे आकडे पाहून त्याला पुढचे सगळे सांगता येतील. पिशवी शिवणाऱ्यालाच सोंगट्यांचा क्रम ठाऊक असावा, तसे. निवडणाऱ्याने तसे केलेच आहे, असा आरोप त्यांनी केला नाही. पण सप्टेंबर २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांच्या बातम्यांनी संशय गडद केला, आणि २०१४ मध्ये मानक संस्थेने ती कृती मागे घेतली.

ज्युनिपरच्या पेट्यांत हीच कृती होती. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही तो संशयास्पद बिंदू न घेता आमचा वेगळा घेतला आहे, आणि आकडे बाहेर पडण्याआधी दुसऱ्या एका कृतीतून घोळून काढतो. म्हणजे दोन किल्ल्या, आमची जॉइंट कस्टडीच. पुढे विद्यापीठांतल्या संशोधकांनी पेट्यांचा प्रोग्रॅम उलगडून पाहिला तेव्हा कळले की, दुसरी कृती कधी चालतच नव्हती. प्रोग्रॅमच्या दोन भागांनी मोजणीचा एकच आकडा वापरला होता. पहिल्याने तो शेवटापर्यंत नेऊन ठेवला, आणि दुसऱ्याची समजूत झाली की आपले काम उरकले आहे. दोन कारकुनांना एकच रजिस्टर दिले, पहिल्याने 'पूर्ण' असा शेरा मारला आणि दुसरा घरी गेला! शिवाय बोलणी सुरू करताना पेटी जो आकडा उघड्यावर पाठवते तो २००८च्या आवृत्तीत २० बाइटांवरून ३२ बाइटांचा झाला होता. गुप्त नाते ठाऊक असणाऱ्याला उलगडा करायला २० बाइट अपुरे होते आणि ३२ पुरेसे.

आणि मग २०१२ साली कोणीतरी कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये शिरून तो बिंदूच बदलला. कुलूप फोडले नाही, भिंत पाडली नाही. आधीपासून असलेल्या चोरदाराचे कुलूप काढून तिथे स्वतःचे बसवले, इतकेच. तीन वर्षांहून अधिक काळ ते कोणाच्या लक्षात आले नाही. २०१६च्या जानेवारीत कंपनीने ही आकड्यांची कृतीच काढून टाकण्याचे जाहीर केले.

हे कोणी केले? २०२१ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने चीनशी संबंधित टोळीकडे बोट दाखवणारी बातमी दिली. त्याआधी २०२० मध्ये रॉयटर्सने आणखी एक गोष्ट छापली होती, ती वाचून मला आमच्या जुन्या रेकॉर्ड रूमची आठवण झाली. या प्रकरणातून कोणते धडे घेतले याचा एक अहवाल असल्याचे एनएसएने २०१८ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांना सांगितले होते, आणि नंतर त्यांनी तो मागितल्यावर तो सापडत नसल्याचे कळवले. फाइल गहाळ होण्याची कला फक्त आपल्याच कचेऱ्यांना अवगत आहे, असा माझा समज होता. तो दूर झाला.

तिसरी किल्ली

सांगायचा मुद्दा असा की, चोरदार ठेवणाऱ्याला नेहमी वाटते, ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. दाराला मात्र मालकाचा चेहरा ओळखता येत नाही. किल्ली ज्याच्या हाती, त्याला ते उघडते.

हा मुद्दा जुन्या प्रकरणापुरता नाही. दहशतवादी आणि गुन्हेगार गुप्त बोलतात, तेव्हा सरकारकडे एक जादा किल्ली असावी, ही मागणी जगभर होते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकारला मजकूर उलगडून मागण्याचा अधिकार आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ब्रिटनमधल्या ग्राहकांसाठी आपली सर्वांत कडक गुप्ततेची सोय बंद केली. तिथल्या सरकारने गुप्त आदेश देऊन जादा किल्ली मागितल्याच्या बातम्या त्याआधी आल्या होत्या. या मागणीला मी वेडगळ म्हणणार नाही. ज्याचे मूल पळवले गेले आहे त्या बापाला गुप्ततेचे तत्त्वज्ञान सांगता येत नाही, आणि तपास करणाऱ्या पोलिसाची अडचणही खरी आहे.

पण अनुभव काय सांगतो? अमेरिकेत १९९४च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांना न्यायालयाच्या आदेशानुसार फोन ऐकण्याची सोय ठेवणे भाग पडले. २०२४ मध्ये उघड झाले की, चीनशी संबंधित टोळीने तिथल्या मोठ्या टेलिफोन कंपन्यांत शिरकाव केला होता, आणि पोलिसांनी न्यायालयामार्फत मागितलेली काही माहितीसुद्धा उचलली होती. पोलिसांसाठी केलेल्या सोयीपर्यंत परके पोचले होते. त्याच डिसेंबरात अमेरिकी अधिकाऱ्यांनीच नागरिकांना सल्ला दिला की, शक्य तिथे गुप्त लिपीत बोलणारी साधने वापरा. ज्यांना वर्षानुवर्षे जादा किल्ली हवी होती, त्यांनीच लोकांना पक्के कुलूप लावायला सांगितले.

एप्रिल २०२२ मध्ये आपल्याकडच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेश काढला की, व्हीपीएनची सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत. कंपन्यांच्या स्वतःच्या अंतर्गत बोगद्यांना तो लागू नव्हता. परदेशी सेवा देणाऱ्या काही कंपन्यांनी यावर भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्या वेळी दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले, पण सामान्य ग्राहकाच्या उपयोगाची गोष्ट कोणी सांगितली नाही. महिन्याला दोन-तीनशे रुपयांत 'संपूर्ण सुरक्षितता' देणाऱ्या जाहिरातीतल्या बोगद्याचे दुसरे टोक त्या कंपनीच्या घरात उघडते. तिथे आपली पत्रे पुन्हा रस्त्यावर येतात. आपला विश्वास इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून काढून आपण या नव्या कंपनीकडे ठेवतो. ठेव एका पेढीतून दुसरीत हलवण्यासारखेच हे. हलवायला हरकत नाही, पण नवी पेढी कशी आहे, ते पाहिले पाहिजे.

मग विसंबायचे कशावर? १८८३ साली केर्कहॉफ या भाषाशिक्षकाने पॅरिसमध्ये लिहून ठेवले आहे की, गुप्त लिपीची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. म्हणजे कुलूप चौकात मांडा, हजार लोहारांना तपासू द्या. त्या वाटेने जाणारी माणसे आजही आहेत. जेसन डोनेनफेल्ड याने तयार केलेला 'वायरगार्ड' हा बोगद्याचा प्रोग्रॅम सुमारे चार हजार ओळींचा आहे. जाणकाराने बसून वाचून काढावा एवढा, आणि सगळ्यांना वाचायला खुला. मार्च २०२०मध्ये तो लिनक्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात घेतला गेला. नेटस्क्रीनच्या पेटीत बिंदू बदलला तो तीन वर्षे दिसला नाही, कारण तो पाहू शकणारे डोळे एकाच कंपनीचे होते. उघड्या कुलपातही चुका राहतात, पण त्या शोधण्याचा अधिकार तरी सर्वांना असतो.

आपण ग्राहक म्हणून एवढे तरी करू शकतो. बँकेच्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हेही विचारू शकतो की, शाखांच्या पेट्यांचे शब्द वेगवेगळे आहेत का, ते कधी बदलले, पेट्यांच्या दुरुस्त्या वेळेवर होतात का, आणि हे तपासणारा माणूस बसवणाऱ्या माणसापेक्षा वेगळा आहे का. अध्यक्ष कदाचित कपाळावर आठ्या घालतील. घालू देत. उत्तरासाठी त्यांना कोणाला तरी विचारावे लागेल, आणि त्या निमित्ताने एखाद्या पेटीचे बूड तरी कोणी उलटून पाहील.

मराठीत एक जुना शब्दखेळ आहे. कोणी 'माझ्यावर विश्वास ठेव' म्हणाले की समोरचा म्हणतो, विश्वास तर पानिपतात गेला! सूनबाईला मी हे त्या संध्याकाळी ऐकवले. ती म्हणाली, "बाबा, म्हणूनच तर आम्ही दर काही तासांनी नवी किल्ली करतो."

मी हसलो, पण त्या रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. मांडणीवरची ती पेटी, तिच्या बुडाची ती चिठ्ठी आणि मी न लिहिलेले ते दुसरे पत्र डोळ्यांपुढे येत राहिले. शेवटी उठलो आणि दिवाणखान्यातला आमचा घरचा राउटर उलटा करून पाहिला. बसवणाऱ्या मुलाने चार वर्षांपूर्वी लावलेली चिठ्ठी तिथे जशीच्या तशी होती. सकाळी उठल्याबरोबर सूनबाईला आधी तो शब्द बदलायला लावला आणि मग चहा घेतला.